गुरुजींची टाच

गुरुजी आले ते चार रिपोर्टांची पिशवी घेऊन. मागे वहिनी. तालुक्याच्या गावात आयुर्वेदाचा दवाखाना चालवून मला एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे ‘गोळी नको, काहीतरी नैसर्गिक द्या’ हे माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच मला ऐकू येतं. गुरुजीही तेच म्हणाले.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वय 41, गळ्यात माळ. अंडंसुद्धा वर्ज्य. दर आषाढीला आळंदी ते पंढरपूर पायी. अंगावर मूठभर मांस नाही आणि एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, 262! तीन महिने वहिनींनी फोडणी बंद ठेवली होती. उकडलेल्या भाज्या, सकाळी लसूण, दुपारी मेथ्या, रात्री इसबगोल, वर कुणीतरी सांगितलेला अर्जुनसालीचा काढा. एवढं करून नवा आकडा 238.

“मॅडम, तुरुंगात याच्यापेक्षा बरं जेवण मिळत असेल,” गुरुजी म्हणाले. वहिनी खाली बघत राहिल्या. ‘तूच तूप घालून घालून आजार आणलास’ असं सासूबाईंनी त्यांना सुनावलं होतं, ते मला मागाहून कळलं.

खरं तर ही नऊ टक्क्यांची घट वाईट नव्हती. इसबगोल आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतं, मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. त्याच महिन्यात एका किराणावाल्यांचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, 420 वरून 190 वर आलं होतं. फरसाण, खारी आणि दिवसाचे सहा गोड चहा सुटले, संध्याकाळचं चालणं सुरू झालं, बस. औषध मी नावापुरतं दिलं आणि श्रेय सगळं मला मिळालं. गुरुजींच्या ताटात मात्र काढून टाकायला काही उरलंच नव्हतं.

“गुग्गुळ द्या की,” ते म्हणाले. गुग्गुळाचा अभिमान मलाही आहे. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाचा, म्हणजे अंगात मेद साचण्याच्या आजाराचा, धागा धरून बनारस हिंदू विद्यापीठात 1966 मध्ये त्यावर प्रबंध झाला, पुढे त्याचं औषध बाजारात आलं. पण 2003 मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उतरलं नाही, उलट थोडं चढलं. सांधे आखडलेल्यांना मी गुग्गुळ देते. एवढ्या एलडीएलसाठी देत नाही.

थायरॉईड मंदावला तरी एलडीएल चढतं, म्हणून ती तपासणी लिहून दिली. उठता उठता ते म्हणाले, “जाऊ दे. टाचेला लावायला तेल तरी द्या. वारीत चालून चालून मागची शीर सुजलीय.”

चप्पल काढायला लावून त्यांना टेबलावर पालथं झोपवलं. टाचेच्या मागची शीर, म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, पोटरीला टाचेशी बांधणारा दोर, चिमटीत धरली आणि माझा हात थांबला. बोटाएवढी असावी ती शीर दोरखंडासारखी जाड, वर कडक गाठी. दुसऱ्या पायालाही तशीच. हाताच्या बोटांच्या पेरांवरही टणक उंचवटे. खिडकीशी नेऊन डोळे पाहिले तर बुबुळाच्या कडेला पांढुरकं वलय.

“वडील कशानं गेले?”

“छातीत कळ आली. त्रेचाळीसचे होते. चुलतेही तसेच, पन्नाशीच्या आत.”

वारीचा त्या गाठींशी काही संबंध नव्हता. ते कोलेस्टेरॉलच होतं, वर्षानुवर्षं शिरेत साठलेलं. रक्तातलं एलडीएल उचलून घेणारी यकृताची दारं जन्मापासून निम्मी बंद. हा दोष आईबापांपैकी एकाकडून येतो आणि साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो. “वहिनी, तुमच्या तुपाचा यात काही दोष नाही,” मी म्हटलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

जिल्ह्याच्या फिजिशियनना चिठ्ठी लिहिली. गुरुजी अडून बसले, “शेवटी केमिकलच ना?” म्हटलं, गुरुजी, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या या स्टॅटिन गोळ्यांचं मूळ बुरशीत आहे. अकिरा एंडो नावाच्या जपानी संशोधकाला पहिलं स्टॅटिन 1973 मध्ये बुरशीत सापडलं, तीसुद्धा तांदळावरची. आजच्या बऱ्याच गोळ्या कारखान्यात घडवतात, तेही सांगितलं. शिक्षकाला अर्धवट सांगून भागत नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

थायरॉईड ठीक निघाला. फिजिशियननी ईसीजी, इको करून रोझुवास्टॅटिन सुरू केलं. दोन महिन्यांनी एलडीएल 121. “अजून उतरवायचंय,” असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी पहिलं विचारलं ते फोडणीचं. दोन चमचे शेंगदाणा तेलात उसळ, सोबत भाकरी, खुशाल. डालडा आणि तळण मात्र बंदच. बाटलीवरच्या ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ला भुलू नका, म्हटलं, कोणत्याच वनस्पती तेलात ते मोजण्याइतकं नसतं, कंपन्या उगाच मिरवतात.

नऊ वर्षांच्या मुलीचं रक्त तपासलं, एलडीएल 187. तिचं पुढचं बालरोगतज्ज्ञांकडे चाललंय. आता उरला होता गुरुजींचा धाकटा भाऊ. तीन निरोप धाडले तेव्हा परवा संध्याकाळी बुलेट दारात लावून आला. पस्तिशीचा, दंड फुगलेले, तोंडात मावा.

“मला काय धाड भरलीय, मॅडम?”

“आधी मावा थुंकून या,” म्हटलं, “आणि बूट काढा.”