द्राक्षाच्या बियांमधून पॉलिफेनॉल काढताना : माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी पॉलिफेनॉल (वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट संयुगं) इथेनॉलऐवजी ‘ग्रीन’, म्हणजे पर्यावरणाला कमी घातक सॉल्व्हंटने (द्रावकाने) काढायचं ठरवलं. त्यासाठी द्राक्षाच्या बिया घेतल्या, कारण नाशिकला फेब्रुवारी-मार्चमध्ये वायनऱ्यांकडे चोथ्याचे ढीग पडलेले असतात. मागताना व्हाइट वाइनचाच चोथा मागा. रेड वाइन सालीबियांसकट आंबवतात त्यामुळे बियांमधलं बरंचसं कॅटेचिन आणि प्रोसायनिडिन (बियांतली मुख्य पॉलिफेनॉलं) वाइनमध्येच उतरतं, व्हाइटला रस आधी पिळून घेतात म्हणून बियांत माल शिल्लक असतो. फक्त त्यात साखर उरलेली असते, तेव्हा आणल्या आणल्या धुवून वाळत घाला नाहीतर लगेच आंबतो.

मग तेल काढायचं. बहुतेक पेपरात त्यासाठी हेक्झेन (पेट्रोलियमपासून मिळणारं सॉल्व्हंट) वापरतात, पण शीर्षकात ग्रीन लिहायचं आणि पहिल्याच पायरीला हेक्झेन ओतायचं हे गाइड मॅडमना पटेना (मलापण नाही), म्हणून छोट्या ऑइल प्रेसमधून तेल काढलं आणि उरलेली पेंड दळून घेतली.

माझं ग्रीन सॉल्व्हंट म्हणजे कोलीन क्लोराइड आणि लॅक्टिक ॲसिड, मोलच्या हिशोबाने १:२. कोलीन क्लोराइड कोंबडीखाद्यात पण घालतात, त्यामुळे महाग नाही, पण बाटली उघडी राहिली की हवेतलं पाणी ओढून चिकट गोळा होतो. दोन्ही ८० डिग्रीला ढवळत ठेवलं की पारदर्शक द्रव होतो, पण पाकासारखा दाट, पेंडीत शिरतच नाही, म्हणून त्यात ३० टक्के पाणी घातलं. नंतर अल्ट्रासॉनिक बाथ (ध्वनिलहरींनी अर्क सुटायला मदत करणारी पाण्याची टाकी). तो चालता चालता स्वतःच तापतो, मी मधेमधे बर्फ टाकून ५० डिग्रीच्या आत ठेवला कारण कॅटेचिनला उष्णता सोसत नाही.

फोलिन टेस्टची (निळ्या रंगावरून पॉलिफेनॉल मोजतात ती) गंमत कुणी आधी सांगत नाही. सोडियम कार्बोनेट घातलं की लॅक्टिक ॲसिडमुळे फसफसतं, क्युव्हेटमध्ये (रंग मोजायच्या छोट्या नळीत) बुडबुडे, ७६५ नॅनोमीटरला रीडिंग नुसतं नाचतं, आणि कार्बोनेट ॲसिडातच खर्च झालं तर निळा रंगपण धड येत नाही. सॅम्पल भरपूर डायल्यूट करा आणि ब्लँकमध्ये (तुलनेसाठीच्या, अर्क नसलेल्या सॅम्पलमध्ये) तेच सॉल्व्हंट तेवढंच घाला.

पॉलिफेनॉलचा आकडा ५० टक्के इथेनॉलने काढलेल्या अर्कापेक्षा चांगला आला. पण खरी कसरत पुढे आहे, कारण हे सॉल्व्हंट उडतच नाही! इथेनॉल रोटाव्हेपरवर (कमी दाबाखाली द्रव आटवायच्या यंत्रावर) आटवलं की पावडर हातात, इथे मात्र रेझिनचा कॉलम (पॉलिफेनॉल धरून ठेवणाऱ्या दाण्यांनी भरलेली नळी) लावा, पाण्याने कोलीन आणि ॲसिड धुवून काढा, मग पॉलिफेनॉल सोडवायला ७० टक्के इथेनॉल घालाच. म्हणजे जे टाळायला निघालो तेच परत, आणि एक्साईजच्या (उत्पादन शुल्क खात्याच्या) रजिस्टरमध्ये त्याची नोंदपण आलीच. क्रीममध्ये अर्क सॉल्व्हंटसकट घालायचा असेल तर हे सॉल्व्हंट ठीक असेल कदाचित, कोरडी पावडर हवी असेल तर मी सरळ पाणी-इथेनॉलच घेईन.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी नेमकं कॉलममधून निघालेल्या पाण्याचंच विचारलं. ते आटवून सॉल्व्हंट परत वापरता येतं, मी वापरलंही, पण एवढं पाणी आटवायला वीज किती जाते तो हिशोब प्रोजेक्टात नव्हता.