एचव्ही २०, एक खिडकी आणि काकांचा चष्मा

त्या दिवशी कॅमेरा माझा होता म्हणून मीच कॅमेरामन, एवढंच माझं क्वालिफिकेशन. कॅननचा एचव्ही २०, २००७ सालचं मॉडेल, मिनीडीव्ही टेपवर १०८० (म्हणजे एचडी) रेकॉर्ड करणारा हँडीकॅम. दिसायला अगदीच घरगुती, पण त्या किमतीत २४पी (सिनेमासारख्या सेकंदाला २४ फ्रेम) देणारं दुसरं फारसं काही नव्हतं, म्हणून शॉर्ट फिल्म करणाऱ्या पोरांचा तो लाडका. आमचा सीन पण छोटासा, एक म्हातारा खिडकीत पत्र वाचतो, उठतो, आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो, बास. डायलॉग शून्य. काका म्हणजे डायरेक्टरच्या ओळखीचे, आयुष्यभर हौशी नाटकं केलेले, आणि दुसऱ्या दिवशी ते बाहेरगावी जाणार होते, म्हणजे जे काय ते आजच.

पहिला टेक पूर्ण फुकट गेला. काका खिडकीशी होते तोवर ठीक होतं, पण उठून आत गेले तसा कॅमेरा आपला आपण उजळत गेला, मागची भिंत राखाडीची पांढरी झाली आणि तिच्यावर सगळ्या मुंग्या. डायरेक्टर म्हणाला, "अरे, हा तर वाढदिवसाचा व्हिडिओ वाटतोय." वाटतच होता, काय बोलणार.

या कॅमेऱ्यात गेन (उजेड कमी पडला की चित्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने उजळवणं, त्या मुंग्या त्याच्याच) हाताने लावायची सोय नाही, आणि सिने मोड घेतला (कॉन्ट्रास्ट मऊ करणारा, मला तोच हवा होता) तर शटरचा वेगही निवडता येत नाही. मग करायचं काय, तर मोबाईलची स्क्रीन फुल ब्राइट करून थेट लेन्ससमोर धरायची. कॅमेरा घाबरून आयरिस (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) बंद करतो, गेन खाली आणतो. तिथेच एक्स्पोजर लॉक करायचं, मोबाईल काढायचा आणि जॉयस्टिकने एकेक पायरी उघडत यायचं. आत मेमरी कार्ड असेल तर फोटोचं बटण अर्धं दाबल्यावर स्क्रीनवर शटर आणि अॅपर्चरचे (म्हणजे ते भोक किती उघडं आहे त्याचे) आकडे दिसतात. शटर १/४८ सेकंद पाहिजे, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या हातापायांना तो सिनेमासारखा पुसटपणा येतो. अॅपर्चर १.८, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी, झालं की थांबायचं, कारण त्याच्या पुढची प्रत्येक पायरी म्हणजे गेन. काका हे सगळं शांतपणे बघत होते, शेवटी न राहवून म्हणाले, "तू त्याला टॉर्च दाखवून डोळे तपासतोयस का?"

लॉक केल्यावर खरा प्रश्न समोर आला. आता कॅमेरा काही सांभाळून घेणार नव्हता, त्यामुळे कोपरा बघावा तर खिडकी जळत होती आणि खिडकी बघावी तर कोपऱ्यात काका दिसेनात, आणि व्हिडिओत पांढरं एकदा जळलं की नंतर कितीही डोकं आपटा त्यात काही सापडत नाही. मग आमचा निम्मा दिवस कॅमेऱ्याला हातही न लावता गेला. खिडकीला बाहेरून ट्रेसिंग पेपर, उजेड वर फेकायला आत जमिनीवर थर्माकोल, मागच्या भिंतीवर पडणारा उजेड कापायला काळं कापड. थर्माकोल फूटभर सरकवला तरी काकांच्या गालाखालची सावली बदलायची. जेव्हा ती सावली बसली ना, तेव्हा त्या चिमुकल्या स्क्रीनवर पहिल्यांदा मला वाटलं की हां, आता काहीतरी होतंय.

मध्ये एक तास ३५ एमएम अॅडॅप्टरच्या नादात घालवला, तो सांगायलाच हवा. या कॅमेऱ्याचा सेन्सर १/२.७ इंची, त्यामुळे समोरचा माणूस आणि मागचं कॅलेंडर दोन्ही सारखेच शार्प. अॅडॅप्टरमध्ये स्टिल कॅमेऱ्याची लेन्स एका घासलेल्या काचेवर चित्र पाडते आणि आपण त्या काचेचं शूटिंग करतो, बॅकग्राउंड मस्त विरघळतं. फक्त चित्र उलटं येतं. म्हणून मॉनिटर उलटा ठेवला, आणि काका त्यात स्वतःला बघायला वाकले तर त्यांनी डोकंही उलटं केलं. पण उजेड इतका खाल्ला गेला की अॅपर्चर पूर्ण उघडूनही चेहरा अंधारात, शेवटी तो काढून पिशवीत टाकला. त्याऐवजी ट्रायपॉड दाराबाहेर पॅसेजमध्ये नेला आणि झूम केलं, तशी मागची भिंत बऱ्यापैकी मऊ झाली. अर्थात टेलीला, म्हणजे पूर्ण झूमला, गेलं की याच लेन्सचं १.८ चं ३.० होतं, म्हणजे इथेही उजेड गेलाच, पण अॅडॅप्टरपेक्षा कमी. फोकसचं चाक मात्र नुसतं गोल फिरत राहतं, कुठे खूण करावी अशी सोयच नाही, म्हणून मी काकांनाच म्हटलं की तुम्ही उठाल तेव्हा हळू या. "हळूच येणार रे, गुडघे माझे आहेत," काका म्हणाले.

सातवा टेक. काकांनी पत्र संपवलं, चष्मा काढून डाव्या हातात धरला आणि उजव्या अंगठ्याने कागदाची घडी नुसती दाबली, एकदा, मग परत एकदा. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. कट म्हणायला डायरेक्टर विसरला.

रात्री टेप कॉम्प्युटरवर कॅप्चर करायला बसलो, फायरवायरची केबल लावून तासाच्या टेपला तासभर. सातवा टेक आला, अंगठा खाली गेला आणि चित्र चौकोन चौकोन होऊन गोठलं. ड्रॉपआउट, म्हणजे टेपवरचा तेवढा भाग वाचताच आला नाही. साध्या डीव्हीत एवढ्याने एखादी फ्रेम गेली असती, पण एचडीव्हीत (त्याच टेपवर एचडी साठवायची पद्धत) पंधरा-पंधरा फ्रेमचे गट एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे अर्धा सेकंद गायब, आणि तोही नेमका हाच. टेप मी आधी दोनदा वापरलेली होती, पैसे वाचवले होते, आता कुणाला बोलणार. पुलडाउन (२४ फ्रेम नेहमीच्या व्हिडिओच्या वेगात बसवायला कॅमेरा करतो ती मिसळ) न काढता बघत होतो म्हणून दर पाचातल्या दोन फ्रेमना कंगव्यासारखे दातही दिसत होते, ते बघून डायरेक्टरला वाटलं सगळीच टेप गेली, त्याला समजावण्यात आणखी पाऊण तास गेला.

सकाळी पुढचं फुटेज चाळताना एक तुकडा सापडला. सातव्या टेकनंतर मी रेकॉर्ड बंद करायला विसरलो होतो आणि झूम आत असताना काका स्वतःशीच पत्राची घडी घालत होते, नुसते हात. तोच तुकडा त्या अर्ध्या सेकंदावर ठेवला, दोन्हीकडे थोडा वाढवला. इतका चपखल बसला की आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. नंतर ज्या ज्या लोकांना दाखवलं त्यांना तोच शॉट आवडला, एकाने तर विचारलं की हा इन्सर्ट (मध्ये घातलेला क्लोजअप) स्टोरीबोर्डवर होता का, आम्ही हो म्हणून मोकळे झालो.

महिन्याभराने काका परत आले तेव्हा त्यांना दाखवली. पूर्ण बघितली, काही बोलले नाहीत, मग म्हणाले, परत लाव. परत लावली. बरोबर त्या जागी त्यांनी हात वर केला.

"इथे माझा चष्मा कुठे गेला रे?"