घर किती खणांचं?

एकोणिसाव्या शतकातली साधी घरं कशी होती, आणि सगळेच वाड्यात राहायचे का, असं तुम्ही विचारलंत. वाड्यात राहणारे थोडे. पण वाडे टिकले म्हणून आज दिसतात. साध्या घरांची मातीच झाली, आणि ती माती बहुधा शेजारच्याच्या भिंतीत गेली. इथे सोलापूर, बीड, धाराशिवकडच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घराचं सांगतो. कोकणातल्या पावसात सपाट माती टिकत नाही; तिथलं गवतारू, उतरतं घर हा वेगळा विषय.

घर मोजायचं ते खणांत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच फूट. साध्या कुटुंबाचं घर दोन-तीन खणांचं. खण इतका आखूड का, याचं उत्तर वर बघितलं की मिळतं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागेवर एक फूट माती घातली की शंभर घनफूट होते. घनफुटाला 45 किलो धरा. डोक्यावर साडेचार टन. पावसात भिजली की आणखी. बाभळीच्या नाहीतर कडुलिंबाच्या वाकड्यातिकड्या लाकडावर हे ओझं पेलायचं तर खांब जवळजवळच हवेत. म्हणून खोल्या अरुंद.

धाबं असं घालत: खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर काटक्या किंवा लाकडाच्या चिपा दाटीने, मग कडुलिंबाचा पाला, त्यावर चिखल, आणि सगळ्यात वर कोरडी पांढरी माती ठोकून. ही पांढरी महत्त्वाची. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. भेगेतून पुढच्या सरीचं पाणी थेट चुलीवर. पांढरी चुनखडीची, खारट. ती दबून घट्ट बसते आणि तिच्यात गवतही फारसं उगवत नाही. गावठाणाला ‘पांढर’ आणि शेताला ‘काळी’ म्हणतात, ते उगाच नाही. पडक्या गढ्यांची, म्हणजे गावातल्या जुन्या तटबंदीच्या वाड्यांची, माती लोकांनी खणून नेली ती यासाठीच.

भिंतीला दगडाचं जोतं, वर दोन फूट रुंद मातीचा थर. मातीत भुसा आणि शेण घालून आठवडाभर कुजवायची, पायाने तुडवायची. एका वेळी हात-दीड हातच उंच चढवायची आणि वाळू द्यायची. घाई केली की खालचा ओला थर फुगून बाहेर येतो.

अंधाराबद्दलही सगळे विचारतात. मातीच्या भिंतीत मोठी खिडकी पाडली तर भिंत कमजोर होते, काच परवडणारी नव्हती, चोरांची भीती होतीच. उजेड यायचा तो दारातून आणि धाब्यातल्या साण्यातून, म्हणजे छपराला ठेवलेल्या भोकातून. चुलीचा धूरही त्याच साण्यातून जायचा, म्हणजे जायचा तेवढा. बाकीचा कड्यांवर बसायचा. डोळ्यांना त्रास, पण त्या धुराने लाकूड कोरडं राहायचं आणि किडीला आवरही बसायचा. दार लावलं की आत अडसर. बहुतेक घरांत दाराजवळच्या खणात बैल, आतल्यात माणसं. उन्हाळ्यात सगळे धाब्यावर झोपायला.

अशा घराचं बांधणं संपायचंच नाही. मृगाआधी धाब्यावर नव्या पांढरीचा थर द्यायचा, पन्हाळी मोकळ्या करायच्या, भिंतीला बाहेरून गिलावा. आत शेणाने सारवण तर दर चार-आठ दिवसांनी, आणि हे काम बायकांचं. जुन्या घराचं कौतुक करताना एवढं विसरू नये. दरवर्षीच्या थराने ओझंही वाढत जायचं. जुनी माती खरवडून न काढता नुसती चढवत गेलं की तुळई मध्ये लवते, लवलेल्या जागी पाणी साचतं, आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वाळवी आधीच आतून खात असते. पडायची ती घरं बहुधा श्रावण-भादव्यात, झडीच्या पावसात.

ज्वारी घरात कणगीत, म्हणजे धान्याच्या उंच टोपलीत; जास्तीची पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या धान्याच्या खड्ड्यात. पेवही पांढरीतच खणायचं, आत कडब्याचं अस्तर. उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही. कोंडलेल्या वायूने माणूस गुदमरून मरतो. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग जळता दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर थांबायचं.

1860 मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली. 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना निघाला होता. तरी साध्या घरावर कौल किंवा पत्रा चढायला बहुतेक गावांत पुढचं शतक उजाडलं. पत्रा हलका, दरवर्षी माती नको, खांब लांब ठेवता येतात. पण दुपारी आत बसवत नाही, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवावे लागतात.