कूटच्या कोठारात किती धान्य होतं?

मी सत्तावीस वर्षं धान्याच्या गोदामात काढली. थप्प्या मोजायच्या, घट लिहायची, मार्चअखेर साठा जुळेना झाला की रात्र रात्र पोती हलवायची. त्यामुळे पहिल्या महायुद्धातल्या कूटच्या वेढ्याबद्दल वाचताना माझं लक्ष तोफांपेक्षा कोठाराकडे गेलं.

वाचायला लागलो ते आमच्या चावडीच्या भिंतीतल्या पाटीमुळे. या गावातून इतके जण 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेले, त्यांतले इतके कामी आले, असं इंग्रजीत कोरलंय. पहिला आकडा वाचता येतो. दुसऱ्यात वर्षानुवर्षांचा चुना भरलाय.

कूट म्हणजे आजच्या इराकमधलं, टायग्रिस नदीच्या वळणातलं गाव. तिथे ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या हाताखाली तुर्कांच्या वेढ्यात अडकली ती इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी डिव्हिजन, तिचं नावच पुणे डिव्हिजन. तीत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी आणि खडकीचे सॅपर्स, म्हणजे पूल-खंदक बांधणारे शिपाई. 1915 च्या जूनमध्ये अमारा घेतलं, सप्टेंबरात कूट, मग बगदादचा मोह झाला. नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांनी अडवलं. चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. फौज मागे फिरून कूटमध्ये शिरली आणि 7 डिसेंबरला वेढा पडला.

इतिहासवाले टेसिफोनला कलाटणी म्हणतात. मी म्हणेन, कलाटणी साठामोजणीत होती. टाउनशेंडने सुरुवातीला कळवलं की दोनेक महिने पुरेल इतकंच अन्न आहे. झालं, सुटकेला निघालेल्या फौजेची धावपळ उडाली. तयारी अर्धवट, तोफा कमी, पाऊस आणि गुडघाभर चिखल. शेख साद, वादी, हन्ना, जानेवारीतच तीन लढाया. एकट्या हन्नाला 21 तारखेला अडीच हजारांवर माणसं पडली. आणि त्यानंतर आठवडाही झाला नसेल, टाउनशेंडचा निरोप: अन्न अजून 84 दिवस पुरेल!

झालं होतं असं की गावात घरोघर झडती घेतली तेव्हा जव सापडले सुमारे 900 टन, शिवाय 100 टन गहू आणि 19 टन तूप. घोडे, खेचरं वेगळीच. अहो, 900 टन म्हणजे क्विंटलची नऊ हजार पोती! ही मोजणी डिसेंबरातच करायला काय हरकत होती? आमच्याकडे असा साठा नंतर 'सापडला' असता तर मेमो हातात पडला असता.

जव सापडले, पण दळायचे कसे? तर विमानातून जात्याचे दगड टाकले. हे वाचून मी चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली.

घोड्याचं मांस मात्र आपल्या शिपायांच्या घशाखाली उतरेना. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती बिनतारी संदेशाने पोहोचली, तरी बरेच जण हट्टाला पेटलेले. गावी कळलं तर पंगतीला कोण बसवून घेईल, ही धास्ती मला पुरती कळते. एप्रिलमध्ये भुकेपुढे अनेकांनी हात टेकले. तोवर स्कर्व्हीने, म्हणजे ताजी भाजी-फळं न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, हिरड्या सुजलेल्या, आणि शेवटी माणशी पीठ दिवसाला चार औंस. सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही, एक-दोन भाकरी जेमतेम. शेवटच्या पंधरवड्यात विमानांनी साडेसात टनांच्या आसपास माल टाकला. तेरा हजार माणसांत तो कुठे पुरतोय? 24 एप्रिलला जुलनार ही बोट 270 टन शिधा घेऊन नदीतून निघाली, तीही वाटेतच तुर्कांच्या हाती लागली.

29 एप्रिल 1916 ला शरणागती. तेरा हजारांना सोडवायला गेलेल्या फौजेत 23 हजारांच्या घरात माणसं मेली, जखमी झाली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं, पुष्कळांना आजच्या सीरियातल्या रास अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो परतलेच नाहीत.

आमच्या पाटीवरचे गडी कूटला होते की फ्रान्सला, पाटी काही सांगत नाही. परवा खिळ्याने जरासा चुना खरवडून पाहिला. दुसरा आकडा दोन अंकी आहे, एवढं दिसलं. ग्रामपंचायतीचं रंगकाम निघायच्या आत उरलेला काढायचाय.