घरच्या सर्व्हरवर ग्राफाना आणि प्रोमिथियस: आलेखांवर विश्वास ठेवता येईल अशी मांडणी

घरच्या सर्व्हरवर ग्राफाना (आकड्यांचे आलेख दाखवणारे), प्रोमिथियस (आकडे गोळा करून साठवणारे) आणि नोड एक्सपोर्टर (मशीनचे सीपीयू, मेमरी, डिस्क यांचे आकडे पुरवणारे) ही तिन्ही साधने बसवून झाली असून आलेख नियमित उमटू लागले आहेत. इन्स्टॉलेशनबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. अनुक्रमे ३०००, ९०९० आणि ९१०० हे त्यांचे नेहमीचे पोर्ट बाहेरून बंद ठेवले आहेत आणि पुढे बाहेरच्या विनंत्या आत पोहोचवणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उभा केला आहे. मात्र त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये मूळ होस्ट हेडर (विनंती कोणत्या पत्त्यासाठी आहे हे सांगणारी ओळ) जसाच्या तसा पुढे पाठवावा लागतो, शिवाय लाइव्ह अपडेटसाठी वेबसॉकेटचे (सतत खुल्या राहणाऱ्या जोडणीचे) अपग्रेड हेडरही द्यावे लागतात. नाहीतर लॉगिनचे पान दिसते, पण पुढे विनंत्या नाकारल्या जातात.

खरा वेळ गेला तो स्क्रेप इंटरव्हल, म्हणजे प्रोमिथियसने किती वेळाने आकडे गोळा करायचे ते अंतर, ठरवण्यात, आणि तो जायलाच हवा होता असे मला वाटते. मी ३० सेकंदांचे अंतर निवडले. सीपीयूचा वापर नोड एक्सपोर्टर सतत वाढत जाणाऱ्या काउंटरच्या रूपात देतो आणि त्यावर वाढीचा दर काढणारे रेट फंक्शन चालवण्यासाठी निवडलेल्या कालखंडात किमान दोन नोंदी असाव्या लागतात. एखादी नोंद चुकली तरी आलेख तुटू नये म्हणून हा कालखंड स्क्रेप इंटरव्हलच्या चौपट, म्हणजे इथे दोन मिनिटे, ठेवणे श्रेयस्कर. ग्राफानातील रेट इंटरव्हल हे व्हेरिएबल हा हिशेब आपोआप करते, परंतु डेटा सोर्सच्या (ग्राफाना जिथून आकडे घेते त्या प्रोमिथियसच्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये स्क्रेप इंटरव्हल भरलेला नसेल तर ते १५ सेकंद गृहीत धरते. म्हणून तिथे ३० सेकंद स्पष्टपणे नोंदवले.

मेमरीच्या पॅनेलसाठी ‘फ्री’ऐवजी ‘अव्हेलेबल’ हा आकडा घेतला आहे, कारण लिनक्स मोकळी मेमरी फाइल कॅशसाठी वापरतो आणि गरज पडताच त्यातील बरीचशी परत देतो. केवळ ‘फ्री’ पाहणाऱ्याला निरोगी सर्व्हरही संकटात दिसेल.

प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतो. तो काळ ९० दिवसांपर्यंत वाढवण्यापूर्वी जागेचा अंदाज घेतला: ३० सेकंदांच्या अंतराने एका मालिकेच्या (म्हणजे सतत नोंदल्या जाणाऱ्या एका मापाच्या) दिवसाला २,८८० नोंदी होतात आणि एका नोंदीला सरासरी एक ते दोन बाइट लागतात, त्यामुळे एक हजार मालिकांसाठी फार तर अर्ध्या जीबीच्या आसपास जागा पुरते. इतक्या थोड्या जागेत तीन महिन्यांचा इतिहास हाताशी राहतो, ही प्रोमिथियसच्या टाइम सीरीज (वेळेनुसार नोंदी साठवणाऱ्या) डेटाबेसची मला सर्वाधिक भावलेली बाजू आहे.

डेटा सोर्स आता प्रोव्हिजनिंगच्या (ग्राफाना सुरू होताना आपोआप वाचते त्या सेटिंगच्या) यॅमल फाइलमध्ये आहे आणि डॅशबोर्डची, म्हणजे आलेखांच्या पानाची, जेसन फाइल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात जात आहे, जेणेकरून नव्या मशीनवर हीच मांडणी हाताने काहीही न भरता उभी राहील. अलर्ट, म्हणजे धोक्याच्या सूचना, अजून बाकी आहेत. त्यांची सुरुवात पुढील काही तासांत डिस्क भरेल का याचा अंदाज देणाऱ्या प्रेडिक्ट लिनिअर फंक्शनपासून करणार आहे.