पासपोर्टला 4 महिने उरलेले असताना केलेली ट्रिप : जाताना निभावलं, येताना अडकलो

ज्यांचं तिकीट दोनचार दिवसांवर आलंय आणि पासपोर्ट लवकरच संपतोय त्यांच्यासाठी महत्त्वाचं आधीच सांगते. तुम्ही जिथे फिरायला चाललाय त्या देशाचा नियम बघून थांबू नका. जाता-येता ज्या ज्या देशात तुम्ही विमानतळाच्या बाहेर पडणार आहात त्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा बघा, आणि येतानाचा आधी बघा कारण तोच सगळे विसरतात. आम्ही तेच विसरलो.

आमची ट्रिप जपानची होती. मी, नवरा आणि लेक. जाताना मलेशियात क्वालालंपूरला फक्त विमान बदलायचं आणि येताना तिथे दोन दिवस राहून घरी यायचं असा प्लॅन, सगळं एकाच तिकिटावर. निघायची तारीख 10 ऑक्टोबर, टोकियोहून परत निघायची 20 ऑक्टोबर. माझा पासपोर्ट संपत होता 18 फेब्रुवारीला, म्हणजे निघताना हातात चार महिने आणि वर आठवडाभर. नवरा आणि लेक दोघांचे पासपोर्ट नवे होते, त्यांचा काही प्रश्नच नव्हता.

रिन्यू का नाही केला असं कोणीही विचारेल. जपानचं बघितलं तेव्हा कळलं की तुम्ही तिथे असाल तेवढे दिवस पासपोर्ट चालू असला की पुरतं, वर तीन महिने सहा महिने असं काही लागत नाही, आणि खरंच तसंच आहे. व्हिसाही त्याच पासपोर्टवर मिळाला. व्हिसा मिळाला की माणसाला वाटतं आता सगळं झालं, आणि तिथेच आमची गफलत झाली, कारण जपानचा व्हिसा हा जपानपुरता असतो, मलेशिया तुम्हाला आत घेईल की नाही याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

जातानाच्या काउंटरवर पहिली धाकधूक झाली. तिथल्या माणसाने तारीख बघितली, मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या सीनियरला बोलावलं. दोघांनी स्क्रीनवर काहीतरी वाचलं, मला विचारलं क्वालालंपूरला बाहेर पडणार का, मी म्हटलं नाही, लगेच पुढचं विमान आहे, तर बॅगा थेट टोकियोपर्यंत लावल्या आणि बोर्डिंग पास दिले. त्यांनी बघितलं ते त्या दिवसाच्या प्रवासाचं. परतीचं त्यांनी बघितलं नाही आणि मीही विचारलं नाही, सुटलो एकदाचे म्हणून पुढे गेले. त्या दोन मिनिटांत एक प्रश्न विचारला असता तर परतीचं तिकीट शांतपणे घरूनच बदलून घेता आलं असतं.

टोकियोला उतरल्यावर काहीही त्रास झाला नाही. बोटांचे ठसे, फोटो, आणि पासपोर्टात एक छोटं स्टिकर, त्यावर किती दिवस राहायची परवानगी आहे ते छापलेलं. ऑफिसरने एक्स्पायरीबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढचे दहा दिवस मात्र पासपोर्ट सारखा हातात येत राहिला, कारण जपानमध्ये परदेशी पर्यटकाने पासपोर्ट कायम जवळ बाळगायचा असा कायदाच आहे, हॉटेलवाले चेक-इनला त्याची कॉपी काढतात, टॅक्स-फ्री खरेदीलाही तोच दाखवावा लागतो. तेव्हा तो हॉटेलच्या खोलीत ठेवून फिरू नका, नीट कव्हरमध्ये घालून जवळ ठेवा. क्योटोला एक दिवस धो धो पाऊस होता आणि माझी पर्स आतपर्यंत भिजली, पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत होता म्हणून वाचला. आधीच संपत आलेला आणि वर भिजून फुगलेला पासपोर्ट म्हणजे काउंटरवर डबल प्रश्न. फोटोचं पान खराब झालं की तारीख कितीही पुढची असली तरी तो पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो.



आता 20 ऑक्टोबर. टोकियोचं नारिता विमानतळ, विमानाला अडीच तास होते. काउंटरवरच्या मुलीने आधी नवऱ्याचा पासपोर्ट बघितला, मग लेकीचा, दोघांचे पास छापून झाले, एक बॅग पट्ट्यावरून आत गेलीसुद्धा. मग माझा पासपोर्ट घेतला आणि फोटोचं पान त्या रीडरवर उपडं ठेवलं. फोटोखाली त्या दोन ओळी असतात ना, अक्षरं आकडे आणि मध्ये मध्ये बाणाच्या टोकासारख्या खुणा, प्रत्येक ओळीत मोजून 44 खाने, त्यातल्या खालच्या ओळीत तुमची संपायची तारीख लिहिलेली असते, आधी वर्ष मग महिना मग दिवस, आणि तिच्यामागे एक तपासणीचा आकडा. मशीन तेच वाचतं. म्हणजे काउंटरवरच्या माणसाच्या नजरेतून सुटेल या आशेवर राहू नका, तारीख थेट स्क्रीनवर जाते. तिच्या स्क्रीनवर काहीतरी लाल आलं, तिने परत ठेवून बघितलं, परत तेच.

तिने फार नम्रपणे विचारलं, क्वालालंपूरला राहणार आहात का? हो म्हटलं, दोन दिवस. ती म्हणाली मलेशियात शिरायला पोचायच्या दिवशी पासपोर्ट किमान 6 महिने चालू लागतो, तुमचा चारच्या आत आहे, मी तुम्हाला बसवू शकत नाही. लेक माझा दंड धरून म्हणाली, आई, म्हणजे तू इथेच राहणार? मला पटकन उत्तर सुचेना.

त्या मुलीचा यात काहीच दोष नव्हता हे मला मनापासून सांगायचंय, कारण अशा वेळी लोक काउंटरवर आवाज चढवतात आणि काम आणखी बिघडतं. अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेला आणि तिकडच्या इमिग्रेशनने परत पाठवला तर त्याला परत आणायची जबाबदारी एअरलाइनवर येते आणि बऱ्याच देशांत वर दंडही बसतो. म्हणून ते बोर्डिंगच्या आधीच थांबवतात. ते ज्यात बघतात त्या सिस्टिमचं नाव टिमॅटिक, ती आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची आहे, जगभरच्या एअरलाइन्स तीच वापरतात. त्यात लिहिलंय ते त्यांच्यासाठी शेवटचं. तुम्ही ब्लॉगवर काय वाचलं किंवा मागच्या वर्षी तुमचा मित्र कसा गेला हे तिथे चालत नाही.

मग मार्ग काय निघाला ते सांगते, हे कोणाच्या तरी उपयोगाचं आहे. नवऱ्याने विचारलं की आम्ही क्वालालंपूरला बाहेरच पडलो नाही, जाताना आलो तसं नुसतं विमान बदलून थेट घरी गेलो तर? ती म्हणाली ते बघता येईल, पण पुढचं तिकीट 22 तारखेचं आहे ते आजचं करून आणा. आमच्या नशिबाने तिकीट एकच होतं आणि तारीख बदलता येण्यासारखं होतं. बाजूच्या तिकीट काउंटरवर तिघांचं त्याच रात्रीचं पुढचं विमान घेतलं, बदलाची फी आणि भाड्यातला फरक भरला, क्वालालंपूरच्या हॉटेलचे पैसे बुडाले ते बुडाले. नवरा म्हणत होता तुम्ही दोघी थेट घरी जा, आपण वेगळे झालो तरी चालेल, पण मला ते नको होतं आणि लेकीलाही.

आणि बॅगा! हे नीट वाचा. आत गेलेल्या बॅगेला क्वालालंपूरचा टॅग होता, त्यावर ठळक केयूएल असं छापलेलं. तशीच गेली असती तर ती तिथल्या पट्ट्यावर आली असती, आणि तो पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो, म्हणजे बॅग घ्यायला मला आत शिरावंच लागलं असतं आणि तेच तर मला करता येत नव्हतं. त्या मुलीने फोन करून बॅग मागे मागवली, जुना टॅग कात्रीने कापला आणि शेवटच्या विमानतळापर्यंतचा नवा लावला. यात चाळीस मिनिटं गेली. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा बोर्डिंग अर्धं झालं होतं. तेव्हा असं काही तिकीट बदलायची वेळ आली तर बॅगेचा टॅग स्वतः वाचा, शेवटच्या विमानतळाचा कोड आहे का बघा, आणि पावतीवरही तोच आहे ना ते बघूनच हला.

आमची दोन तिकिटं वेगवेगळी असती तर हे जमलंच नसतं असं मला वाटतं. वेगळ्या तिकिटांवर बहुतेक वेळा बॅग मध्ये उतरवून परत चेक-इन करावी लागते, म्हणजे त्या देशात शिरणं आलं. क्वालालंपूरला तर दोन टर्मिनल वेगवेगळ्या इमारतींत आहेत. स्वस्त पडतं म्हणून जे लोक असे तुकडे जोडून तिकीट काढतात त्यांनी मधला देश हा राहायचा देश आहे असंच धरून नियम बघावा.

आता नियमांचं, कारण सगळीकडे 6 महिने हे अर्धवट ऐकीव आहे. मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिरात इथे 6 महिने लागतात. युरोपातल्या शेंगेन देशांत हिशेब वेगळा, तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर 3 महिने, आणि शिवाय पासपोर्ट मागच्या 10 वर्षांत काढलेला हवा. ही दुसरी अट फसवी आहे, काही देश जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात जोडून द्यायचे, ब्रिटनने सप्टेंबर 2018 पर्यंत तसं केलं, त्यामुळे असे पासपोर्ट दहा वर्षांहून जास्त चालू दिसतात पण शेंगेनला ते वरचे महिने चालत नाहीत. व्हिसा लागत असेल तर दोन कोरी पानंही लागतात. तुर्कस्तानचा आकडा दिवसांत आहे, 150 दिवस. जपान आणि ब्रिटनला राहण्यापुरता चालतो. अमेरिकेचा मूळ नियम राहण्याच्या मुदतीनंतर 6 महिने असा आहे पण बऱ्याच देशांच्या नागरिकांना त्यातून सूट आहे, तुमचा देश त्या यादीत आहे का ते बघा. आणि मोजताना कुठून मोजायचं हे बघा, काही देश पोचायच्या दिवसापासून मोजतात काही निघायच्या, दोन आठवड्यांच्या ट्रिपमध्ये तेवढ्याने फरक पडतो. नियम बदलतात, म्हणून माझ्या वाक्यावर जाऊ नका, त्या देशाच्या दूतावासाची साइट आणि तुमच्या एअरलाइनच्या साइटवरचं ट्रॅव्हल डॉक्युमेंटचं पान दोन्ही बघा, बुकिंगच्या आधी एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा.

ऑनलाइन चेक-इन झालं म्हणजे कागद पास झाले असं नाही. आमचं आदल्या रात्री झालं होतं, फक्त खाली एक ओळ होती की कागदपत्रं काउंटरवर तपासली जातील. मी ती वाचली आणि सोडून दिली.

इन्शुरन्सवर भरवसा ठेवू नका, कागद अपुरे म्हणून विमानात बसू दिलं नाही तर बहुतेक पॉलिसी काही देत नाहीत. आमचीने दिलं नाही.

मुलांच्या पासपोर्टवर वेगळं लक्ष ठेवा. पुष्कळ देशांत मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांचाच असतो, आपण मोठ्यांच्या दहा वर्षांच्या हिशेबात राहतो आणि मुलाचा मध्येच संपतो.

रिन्यू करायचा असेल तर आधी पासपोर्ट आणि मग व्हिसा, हाच क्रम ठेवा. नव्या पासपोर्टचा नंबर बदलतो आणि ई-व्हिसा नंबरला बांधलेला असतो, जुन्या नंबरवर काढलेला नव्यावर आपोआप येत नाही. विमानाच्या तिकिटाचं तसं नाही, तिकीट नावावर असतं, पासपोर्ट नंबर बुकिंगमध्ये जाऊन बदलता येतो, तेव्हा तिकीट काढून झालंय म्हणून रिन्यू करायचं टाळू नका. जुन्या पासपोर्टमध्ये अमेरिकेसारखा अजून चालू असलेला व्हिसा असेल तर तो पासपोर्ट टाकू नका, रद्द झालेला जुना आणि नवा दोन्ही बरोबर घेऊन जायचे असतात.

आणि ज्यांची निघायची तारीख अगदी तोंडावर आहे त्यांनी आजच एअरलाइनला फोन करा. नुसतं माझा पासपोर्ट चालेल का असं विचारू नका, त्याचं उत्तर ते धड देत नाहीत. कुठल्या देशाचा पासपोर्ट, संपायची तारीख, कुठे कुठे बाहेर पडणार, बॅगा कुठपर्यंत जाणार हे चारही सांगा आणि जाताना-येताना दोन्ही बाजूंचं टिमॅटिकमध्ये बघून सांगा म्हणा. काय सांगितलं ते ईमेलवर लिहून मागा. मधला मुक्काम अडत असेल तर तो आत्ताच काढून टाका, घरून बदलताना तिकिटाला निदान पर्याय असतात, नारिताच्या त्या काउंटरवर आमच्यासाठी रात्रीच्या विमानात शेवटच्या चार सीट उरल्या होत्या आणि आम्ही तिघं होतो.