पानकापी मुंग्यांची वाट: वेग मोजावा की पोचलेला चारा?

माझ्या प्रयोगाच्या या टप्प्यात अ‍ॅक्रोमिरमेक्स या पानकापी मुंग्यांच्या वसाहतीच्या बुरशीपेटीपासून (आणलेल्या पानांवर मुंग्या अन्नासाठी बुरशी वाढवतात ती पेटी) चारापेटीपर्यंतच्या पट्टीवर मी मुद्दाम सुक्या पानांचा चुरा आणि बारीक काड्या पसरल्या. निसर्गात पानकापी मुंग्या पाचोळा हटवून मोकळ्या वाटा तयार करतात, आणि अ‍ॅटा या दुसऱ्या पानकापी गटातील मुंग्यांच्या वाटा तर 100 मीटरांहूनही लांब जातात. एवढे श्रम वसाहतीला परवडतात कसे, हे मला जवळून पाहायचे होते.

पट्टी मी पुसली नाही. 1971 मध्ये अ‍ॅटा टेक्सानाच्या विषग्रंथीतील ज्या फेरोमोनची (वाट दाखवणाऱ्या गंधद्रव्याची) ओळख पटली, तशा गंधखुणा वाटेवर असतात आणि त्या नाहीशा झाल्या असत्या, तर मुंग्या अडथळ्यामुळे रेंगाळल्या की वाट हरवल्यामुळे, हे कळले नसते.

पानाचा तुकडा जबड्यात उभा धरून येणाऱ्या मुंगीचे हाल पाहण्यासारखे होते. तुकड्याचा कोपरा काडीत अडकला की ती मागे सरायची, डोके वळवून तुकडा तिरका करायची आणि पुन्हा जोर लावायची. तोवर तिच्यामागे रांग तुंबलेली असायची. रिकाम्या मुंग्यांनी आधी चुरा आणि मग काड्या कडेला ओढल्या. वाट मोकळी झाल्यावर तेवढेच अंतर कापायला लागणारा वेळ स्पष्टपणे घटला, आणि ओझे वाहणाऱ्यांना त्याचा फायदा अधिक झाला.

तरीही केवळ वेगावरून वाटेची किंमत ठरवणे मला पटत नाही. अ‍ॅटा कोलोम्बिकावरील 2007 च्या प्रयोगात अरुंद पुलावर समोरासमोरच्या गाठीभेटी वाढून मुंग्यांचा वेग कमी झाला, पण परतणाऱ्यांपैकी पान घेऊन येणाऱ्यांचे प्रमाण वाढले. जाणाऱ्या मुंगीला येणारीकडून चाऱ्याची वार्ता मिळते, हे त्याचे कारण मला सर्वांत संभवनीय वाटते. बुरशीला मुंगीच्या वेगाशी काय देणेघेणे? तिला पान पोचले पाहिजे.

म्हणून आता रुंद आणि अरुंद अशा दोन पट्ट्या आलटून पालटून लावणार आहे. तापमान, अंतर आणि पाने तीच ठेवून, ठरावीक वेळेत बुरशीपेटीत शिरलेल्या तुकड्यांची संख्या चित्रफितीवरून मोजीन, आणि चारापेटीत उरलेल्या पानांचे वजन करताना शेजारी झाकून ठेवलेल्या तशाच पानांची सुकण्यामुळे होणारी घट वजा करीन.